दोष, असल्यास

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस, दुपारचे चार. बेरीज एकशे सात, एकशे वीसपैकी. हजर दोघं: जळगावातल्या औषधांच्या दुकानाचे मालक नाना, आणि मी. आमच्या मधे टेबलावर ठेवलेली लाकडी पेटी धरली तर तिघं. ही बेरीज पैशांची नव्हे, गुणांची. माझ्या एका फोटोला सहा जणांनी मिळून दिलेल्या गुणांची. मी ती तीनदा करून पाहिली आणि तिन्ही वेळा एकशे सातच आली. सरासरी सतरा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश. त्या आकड्याने मला जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे कोणत्याच आकड्याने झाला नाही, पगाराच्यासुद्धा नाही. तो आकडा खोटा होता, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

पेटीबद्दल आधी सांगतो. तिच्यातून कधीकाळी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या होत्या, आणि झाकण उघडलं की पहिल्यांदा तोच वास येई. आम्ही सात हौशी फोटोग्राफर होतो: जळगावात नाना आणि मी, एरंडोलला एक, पारोळ्याला एक, धुळ्याला दोन, शिंदखेड्याला एक. मंडळाचं नाव रंगांवरून ठेवलेलं आणि फोटो सगळे कृष्णधवल. प्रत्येकाने पेटीत आपला एक फोटो टाकायचा, नानांनी ती ओळखीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, आणि ती एस.टी.च्या टपावरून नव्हे तर कंडक्टरच्या पायाशी बसून गावोगाव फिरायची. प्रत्येक फोटोसोबत एक छापील तक्ता असे. बाकीच्यांनी त्यावर वीसपैकी गुण द्यायचे, अभिप्राय लिहायचा, आणि खाली नावाऐवजी फक्त आपला क्रमांक टाकायचा. निर्भीडपणा यावा म्हणून. कोणता क्रमांक कोणाचा, हे नानांना एकट्यांना माहीत. मंडळाचं संमेलन भरवायचं दर वर्षी ठरे, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं.

तक्त्याच्या तळाशी कागदाची एक पट्टी, चिरोटी, असे. तिच्यावर फोटो काढणाऱ्याने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, चिरोटी दुमडून डिंकाने चिकटवायची, आणि पेटी परत आली की सगळ्यांच्या सरासरीशी ताडून पाहायची. ज्याचा अंदाज सरासरीच्या सर्वांत जवळ, तो त्या वर्षाचा ‘पारखी’. मंडळाचं एकमेव बक्षीस ते. नाना म्हणत, “फोटो चांगला काढणारे छप्पन्न सापडतील रे. आपला फोटो केवढ्याचा, हे ओळखणारा एक दाखव.”

आता माझ्या मुलाने मला फोनवरच्या एका फोटोंच्या ग्रुपात घातलं आहे. तिथे पेटीची भानगड नाही. मी फोटो टाकतो आणि चहाला उकळी यायच्या आत चाळीस जणांना तो ‘अप्रतिम’ वाटतो. त्यांतले निम्मे तो उघडूनही पाहत नाहीत, कारण एकदा मी चुकून लाइट बिलाचा फोटो टाकला होता आणि त्यालाही अकरा हृदयं आली. तरीही फोटो टाकण्यापूर्वी मी डायरीत स्वतःचे गुण लिहितो, वीसपैकी, शाईने. शाईनेच का, ते पुढे येईल.

आमचं घर डाळ मिलच्या मागच्या आळीत होतं. मिलची घरघर दिवसभर चाले आणि ती थांबली की आम्ही दचकून एकमेकांकडे पाहायचो. वडील, म्हणजे आबा, मिलच्या काट्यावर होते. गोणी तोलायची, माल पाहायचा, पावतीवर वजन आणि खोट लिहायची. घरी येऊन फारसं बोलायचं नाही. आई पारोळ्याकडच्या खेड्यातली, तिच्या तोंडची अहिराणी जळगावात तीस वर्षं राहूनही कोणाच्याने हलली नाही. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, डी.एड. करून प्राथमिक शाळेत लागलेली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मामाने दिलेल्या जुन्या कॅमेऱ्यामुळे स्वतःला कलावंत समजत होतो. मोरीच्या खिडकीला गोधडी ठोकून मी तिथे फिल्म धुवायचो. आई बाहेरून दारावर बादली आपटायची: “भाऊ! बठ्ठं पानी सरी गयं. आते काय तुना फोटो पिसूत?”

होळी झाली की गच्चीवर वाळवणं सुरू व्हायची. आमच्याकडे बिबड्यांचा मान पहिला. ज्वारीच्या कण्या भिजवून, रटरट शिजवून, तीळ-मिरची घालून केलेला तो घाटा आई आम्हाला वाटीत देई, वर कच्च्या तेलाची धार, आणि तोंड भाजेपर्यंत आम्ही तो खात असू. उरलेला ओल्या धोतरावर पातळ थापला की दोन दिवसांत बिबडे कडकडीत. त्या वर्षी अक्काला एक स्थळ आलं होतं, शिंदखेड्याचं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. पारोळ्याच्या एका लग्नात त्याने पंगतीत वाढताना अक्काच्या पानात तीन वेळा मीठ वाढलं होतं, आणि चौथ्यांदा आला तेव्हा अक्का म्हणाली होती, “अहो, आता थोडं वरण पण येऊ द्या.” आधीच्या चार स्थळांना तिने घरात पाणी देण्यापूर्वीच नकार दिला होता. या स्थळाचं नाव निघालं तेव्हा ती म्हणाली, “बघू.” आमच्या घरात अक्काचं ‘बघू’ म्हणजे हो. आईने त्याच दिवशी मनातल्या मनात पंगतीची माणसं मोजली.

मुलाकडून फोटो मागितला गेला. अक्काला स्टुडिओत जायचं नव्हतं. “मागच्या वेळी त्याने ब्रशने माझ्या गालावरचा तीळ पुसला. मग पाहुणे आले आणि पोहे खायचे सोडून तिळाकडेच बघत बसले. भाऊ, तू काढ. मी आहे तशी. एवढंच पाहिजे, आहे तशी.” मी म्हणालो, दिला समज. रोलमध्ये तीन फोटो उरले होते. गच्चीवर बिबड्यांच्या मधोमध बसलेल्या अक्काचे मी ते तीन काढले. सकाळचं तिरकं ऊन, पदर कपाळापर्यंत, आणि ओठांवर ते वरणाबद्दल बोलतानाचं हसू. काढताना मला वाटलं होतं, हे जमलं.

जमलं नाही ते मोरीत. औषध गार हवं म्हणून मी गोळेवाल्याकडून बर्फ आणला, डेव्हलपरचं भांडं त्यात बुडवून ठेवलं, आणि माझ्या शिस्तीचा मलाच अभिमान वाटला. फिल्म त्या बर्फगार औषधातून काढली आणि धुवायला गच्चीवरच्या पत्र्याच्या पिंपातलं पाणी घेतलं. पिंप सकाळपासून उन्हात. जळगावचं ऊन. त्या पाण्यात माणसाने हात घातला असता तरी ओरडला असता. फिल्मला ओरडता येत नाही. तिच्यावरचा थर आकसला, सुरकुतला, आणि तिन्ही फोटोंत अक्काच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, हातांवर बारीक बारीक भेगांचं जाळं पसरलं. बिबड्यांवरही पसरलं, पण बिबड्यांचं कोणाला लग्न करायचं नव्हतं.

अक्काला मी सांगितलं, रोल खराब झाला. हे खरंच होतं. माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल. ती म्हणाली, “मग दुसरा रोल आण.” मी म्हणालो, आणतो. आणला मात्र नाही.

नानांच्या दुकानामागच्या खोलीत मोठा फोटो करण्याचं यंत्र होतं. मी नेलेली निगेटिव्ह त्यांनी बल्बसमोर धरली आणि उलटसुलट करून पाहू लागले. मी तोवर तक्ता भरला होता. माझी सवयच तशी, कोणताही रकाना मोकळा सोडायचा नाही. फोटो काढणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव. फोटोचं नाव: अक्का. विषयाची माहिती: माझी थोरली बहीण, वय तेवीस, शिक्षिका, आमच्या गच्चीवर बिबडे वाळवताना. उजेड, कॅमेऱ्याची जुळणी, सगळं. आणि शेवटचा रकाना, ‘दोष, असल्यास’: धुण्याचं पाणी गरम असल्याने फिल्म सुरकुतली, चेहऱ्यावरील भेगा मूळच्या नाहीत. चिरोटीवर गुण: तीन. फोटो पेटीत टाकायचा तो केवळ दुसरा नव्हता म्हणून.

नानांनी तक्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. “अरे, हा दोष आहे? ही तर करामत आहे! पोरीच्या चेहऱ्यावर तू अख्खा खानदेशचा उन्हाळा आणलास, आणि खाली काय लिहितोस? पाणी गरम होतं! दुसरा तक्ता घे.”

“पण नाना, पाणी खरंच गरम होतं.”

“फोटो बोलतोय ना? मग तू मधे मधे बोलू नकोस.”

दुसरा तक्ता घेतला. दोषाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. चिरोटीवर लिहिलं: सतरा. तीनपासून सतरापर्यंत यायला मला साधारण पंधरा मिनिटं लागली, आणि त्यासाठी फक्त एका माणसाचं कौतुक पुरलं. पहिला तक्ता मी फेकला नाही. मी कागद फेकत नाही. घडी करून वहीत ठेवला.

पेटी फिरून आली ती आखाजीच्या आदल्या दिवशी. क्रमांक चारने लिहिलं होतं, ‘हा चेहरा नव्हे, ही भेगाळलेली जमीन आहे.’ क्रमांक पाचने प्रयोगाचं धाडस वाखाणलं होतं. क्रमांक सहाने हिरव्या शाईने, टपोऱ्या अक्षरात: ‘व्रणांतून झिरपणारी करुणा. छायाचित्रकाराने बहिणीचे व्यंग न लपवता त्यातील सौंदर्य दाखवले, हे मोठे मन.’ आणि एकोणीस. मी ‘व्यंग’ या शब्दापाशी अर्धा क्षण थांबलो आणि ‘मोठे मन’ यावर गेलो. माझे सतरा सरासरीच्या सर्वांत जवळ ठरले. मी पारखी झालो. बक्षीस म्हणून नानांनी मला काय द्यावं? औषधाचं आणि पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर.

आखाजीला आमच्याकडे पुरणाचे मांडे झाले, आंब्याचा रस झाला, आळीतल्या निंबाला झोका बांधला आणि माहेरी आलेल्या पोरींनी गाणी म्हणून म्हणून मिलची घरघर बुडवली. अक्का सर्वांत उंच झोका घेत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शिंदखेड्याचं पत्र आलं. अक्का आंब्यांची पाटी घेऊन रस काढायला बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. आबांनी चष्मा सापडेना म्हणून पत्र माझ्याकडे दिलं. “वाच.”

मी वाचायला लागलो. “...‘मुलीचा फोटो योगायोगाने पाहण्यात आला. चेहऱ्यावरील व्रणांविषयी मध्यस्थांनी कल्पना दिली नव्हती. मुलीविषयी आम्हास सहानुभूतीच आहे, तरी...’” इथे मी ओळ सोडून अक्षराकडे पाहू लागलो. मजकुरामुळे नव्हे. शाई हिरवी होती.

आई उठली, तिने अक्काची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे फिरवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. “मनी पोरनं तोंड तं चांगलं शे! व्रण कोठे शेत?”

“आई, थांब,” अक्का म्हणाली. तिने हात धुतले नाहीत, फक्त वर धरले. “भाऊ, कोणता फोटो?”

मी पेटीतून परत आलेला फोटो आणि तक्ता आणून तिच्यासमोर ठेवला. दुसरा काही मार्ग सुचला असता तर मी तो घेतला असता. तिने आधी फोटो पाहिला. मग तक्ता मोठ्याने वाचला, शाळेत निबंधाच्या वह्या वाचतात तसा. “‘भेगाळलेली जमीन.’ मी जमीन का रे? ‘प्रयोगाचं धाडस.’ कोणाचं धाडस, तुझं की माझं? ‘व्रणांतून झिरपणारी करुणा.’” ती थांबली. तिने पत्र तक्त्याशेजारी ठेवलं आणि रसाने भरलेलं बोट आधी एका हिरव्या ओळीवर टेकवलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे पिवळा ठसा उमटला. “एकच माणूस आहे हा. एकोणीस मार्क दिले आणि नको म्हणाला.”

कोणी हसलं नाही. अक्काला मात्र हसू आलं, आणि ते नीट पूर्ण झालं नाही.

आबांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला आणि शेवटच्या रकान्यावर नख ठेवलं. “इथं रेघ काय मारली?” मी वहीतला पहिला तक्ता काढून दिला. त्यांनी तोही वाचला. “तुला माहीत होतं.”

“हो.”

“गोणीत खडे निघाले तर मी पावतीवर लिहितो. शेटजी म्हटले नका लिहू, तरी लिहितो. उद्या पहिल्या गाडीने जा. दोन्ही कागद घेऊन जा.”

शिंदखेड्याला जायला पेटीचाच रस्ता होता: एरंडोल, पारोळा, धुळे. क्रमांक सहा म्हणजे मुलाचे काका, शाळेत चित्रकला शिकवणारे गुरुजी. अंगणात पाण्याचा सडा, ओटीवर चरखा सूत नसलेला, आणि खिशाला हिरवं पेन. माणूस इतका सौम्य की माझी अर्धी तयारी वायाच गेली. मला ताक दिलं, शेव-मुरमुरे दिले, वर कांदा चिरून दिला. मी निगेटिव्ह दाखवली, बर्फ सांगितला, पिंप सांगितलं, पहिला तक्ता पुढे ठेवला. ते ऐकता ऐकता खरोखर दुःखी झाले.

“म्हणजे... हे तंत्र नव्हतं?”

“नाही. पाणी गरम होतं.”

“मुद्दाम केलेलं नाही?”

“नाही.”

“मग एकोणीस कसे राहतील?” असं म्हणून त्यांनी पेन काढलं, एकोणीसवर काट मारली, जरा विचार केला आणि सहा लिहिले. पुढे सही. मगच त्यांना दुसरी गोष्ट आठवली. “आणि मुलीच्या चेहऱ्यावर काहीच नाही म्हणता? एक तीळ फक्त? मग प्रश्नच मिटला! पत्र रद्द समजा.” अशा रीतीने पाच मिनिटांत माझा फोटो तेरा गुणांनी पडला आणि माझी बहीण पुन्हा लग्नाची झाली. दोन्ही निवाडे एकाच ओटीवर, एकाच पेनाने.

मुलगा दाराशी उभा होता. चांगला होता दिसायला. मला एस.टी. स्टँडवर पोचवायला आला आणि वाटेत म्हणाला, “मी सांगितलं होतं काकांना. हातभर अंतरावरून पाहिलंय, मीठ वाढताना. व्रण-बिण काही नव्हतं.”

“मग?”

“काका म्हणाले, कॅमेरा खोटं बोलत नाही. मला पण वाटलं, आपण नीट पाहिलं नसेल.”

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही पाणी गरम असल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि स्वतःच्याच हाताने खोडलं होतं. तो काकांसमोर आणि मी नानांसमोर, एवढाच काय तो फरक.

घरी आलो तेव्हा अक्का गच्चीवरून बिबडे गोळा करून डब्यात भरत होती. आईने खालूनच विचारलं, काय झालं, आणि पत्र रद्द झाल्याचं ऐकून देवापुढे साखर ठेवायला गेली. अक्काने डब्याचं झाकण लावलं.

“मुलगा काय म्हणाला?”

“म्हणाला, व्रण नाहीत हे मी सांगितलं होतं.”

“आणि मग?”

“मग गप्प बसला.”

“हं,” अक्का म्हणाली.

आमच्या घरात अक्काचं ‘बघू’ म्हणजे हो, आणि ‘हं’ म्हणजे नाही. आईला हे माहीत असूनही तिने आठ दिवस साखर तशीच देवापुढे ठेवली, मुंग्या लागेपर्यंत. माझ्याशी अक्का पावसाळा लागेपर्यंत कामापुरतं बोलली. मीठ दे, दिवा लाव, सायकलची किल्ली कुठे आहे. दोन वर्षांनी तिने एरंडोलच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. त्याने फोटो मागितला नाही. शाळा तपासणीच्या दिवशी येऊन स्वतः पाहून गेला, आणि तिनेही त्याला पाहून घेतलं.

मी बाकीच्या पाच जणांना पत्रं घातली की, फोटोत दोष आहे, गुण दुरुस्त करावेत. आपण आपली चूक कबूल केली की जगही मन मोकळं करतं, असा माझा समज होता. क्रमांक चारने उलट टपाली कळवलं: ‘कलावंताला आपल्या कामाची जाण नसते. गुण कायम.’ दोघांनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं, पाणी नेमकं किती गरम ठेवावं? नाना म्हणाले, “तू फार बोलतोस. थर्मामीटर ठेव, आता दिलेला परत घेत नाही.” दुरुस्त बेरीज चौऱ्याण्णव झाली. म्हणजे फोटो पुरता फसलेला असूनही तो सरासरीने पंधराच्या वरच राहिला. पुढच्या वर्षी मी पेटीत फोटो टाकला नाही. तेव्हापासून स्वतःचे गुण शाईने लिहितो, कोणाचं कौतुक ऐकून बदलता येऊ नयेत म्हणून.

मागच्या महिन्यात माझ्या मुलाने जुन्या वहीतला तो फोटो पाहिला, त्याचा फोनने फोटो घेतला आणि मला न विचारता ग्रुपात टाकला. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा हृदयं. ‘काका, मास्टरपीस.’ ‘काय टेक्स्चर आहे!’ एकाने विचारलं, हा इफेक्ट कोणत्या ॲपमध्ये मिळतो? हल्ली असे तडे विकत मिळतात, म्हणे. मुलाने अक्कालाही त्या ग्रुपात घातलेलं आहे. ती आता एकसष्ट वर्षांची, निवृत्त, चेहऱ्यावर खऱ्या सुरकुत्या, तीळ जागच्या जागी. ती ग्रुपात कधी काही लिहीत नाही. त्या दिवशी तिने लिहिलं. दोनशे चौदा हृदयांच्या खाली, एकच ओळ: ‘पाणी गरम होतं.’ आणि त्याखाली, निबंधाच्या वहीवर देतात तसे: ‘३/२०’.

मी जुनी वही काढून पहिला तक्ता पाहिला. चिरोटीवरचा माझा आकडा जुळला. मिळाले तीन, देणार अक्का, घेणार मी.